सोमवारची दिल्ली आणि दहा टन चांदी

रविवार

पुतण्याला राजिंदर नगरात सोडायला आलो होतो. यूपीएससीचा क्लास लावलाय त्याने. तीन मुलांत मिळून एक खोली, खोलीला एकच खिडकी आणि तीही जिन्यात उघडणारी. भाडं ऐकून मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर पुतण्याचं तोंड उतरलं असतं. खाली गल्लीत चहाला गेलो तर टपरीभोवती निम्मी मराठी पोरं. एक बीडचा, दोघं लातूरचे, एक आमच्या शेजारचा, निपाणीचा. पाच मिनिटांत पुतण्या त्यांच्यात असा मिसळला की मीच पाहुणा वाटायला लागलो.

तिथून करोल बाग हाकेच्या अंतरावर. बापू तिथे राहतो. कोल्हापुरात कॉलेजला आम्ही एका खोलीवर होतो. मी पुढे बी.एड. करून कागलात मास्तर झालो. बापूने दुसऱ्या वर्षालाच पुस्तकं बांधली आणि चुलत्याच्या मागे गलाईच्या धंद्यात दिल्लीला आला. विटा-आटपाडीकडच्या घरांना याचं नवल नाही. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख, त्यामुळे तिकडची माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पोचली. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करायचं, टंच म्हणजे शुद्धतेचं प्रमाण काढून द्यायचं. बावीस वर्षं बापू हेच करतोय. त्याच्या उजव्या हाताची बोटं बघितली की धंदा कळतो. टोकं तेजाबाने पिवळी-तपकिरी झालेली, कितीही घासली तरी न निघणारी. हात पुढे केला की लोक म्हणतात तंबाखू, आणि बापूला साधी सुपारी चालत नाही.

रात्री आठ वाजता नळ सोडला तर गरम पाणी. गिझर बंद होता. गच्चीवरच्या टाकीचं काम ते. वहिनींनी हसून सांगितलं, "भावजी, हितं मे महिन्यात गार पाण्यानं आंघोळ करायची आसंल तर पहाटं उठायला लागतंय." मग ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, आणि वर पन्हं. खोलीत कूलर घरघरत होता. त्याच्या जाळीत वाळा घातलेला, त्यामुळे सगळ्या घराला आजीच्या माठासारखा वास.

जेवता जेवता मी खिशातून कागद काढला. तीन नावं लिहिली होती: लाल किल्ला, तालकटोरा, कालकाजी.

"आनि कुतुबमिनार?" बापूने विचारलं.

"साडेबहात्तर मीटरचा आहे, तो कुठे जातोय पळून? मला मराठे कुठे कुठे येऊन गेले ते बघायचंय."

"बघ बाबा. उद्या करोल बाग बंद, मी मोकळा. गाडी काढतो."

करोल बाग सोमवारी बंद असते. ही गोष्ट आम्ही दोघांनीही नीट ऐकली होती, पण तिचा पुढचा अर्थ दोघांच्याही डोक्यात आला नाही.

सोमवार

सहाला निघालो. बापूची गाडी चौदा वर्षांची. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांनी आणि डिझेलची दहा वर्षांनी बाद करायचा नियम निघाला होता. त्यामुळे बापू तिच्याशी म्हाताऱ्या बैलाशी बोलावं तसं बोलतो. निघताना वहिनींनी दोघांच्या खिशात एकेक कांदा घातला. लू, म्हणजे इकडचं उन्हाळी गरम वारं, लागू नये म्हणून. मला हसू आलं, पण बापूने मुकाट्याने खिशाचं बटण लावलं.

सकाळची दिल्ली मला आवडली, हे कबूल करतो. जुन्या दिल्लीत गाडी बाहेर लावून गल्लीत शिरलो आणि उभ्या उभ्या बेडमी पुरी खाल्ली. डाळीचं वाटण भरलेली जाड पुरी, सोबत हिंगाच्या वासाची बटाट्याची पातळ भाजी. कोल्हापूरच्या माणसाला तिखट कमीच, तरी चार खाल्ल्या. नऊच्या सुमारास लाल किल्ल्यापाशी पोचलो. पार्किंग रिकामं. एवढी सोय बघून बापू खूष झाला. मी मनात म्हटलं, काहीतरी चुकतंय.

लाहोरी दरवाजाकडे जाणारी वाट अडथळे लावून बंद. सावलीत बसलेल्या शिपायाने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "मंडे को बंद रहता है."

"आरं मास्तर," बापू कपाळावर हात मारून म्हणाला, "आज सोमवार हाय की!"

मी इतिहास शिकवतो. शहाजहानने 1648 मध्ये हा किल्ला पुरा केला हे मला पाठ आहे. तो सोमवारी बंद असतो हे मात्र नव्हतं.

मला आत दिवाण-ए-खास बघायचा होता, आणि त्यातलं नसलेलं छत. त्या दालनाला एकेकाळी चांदीचं छत होतं. 1760 च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा पगार थकलेला, धान्य महाग, पुण्याहून पैसा वेळेवर येत नव्हता. भाऊंनी छताची चांदी उतरवून रुपये पाडले. आकडा बहुतेक ठिकाणी नऊ लाखांच्या आसपास दिलेला असतो. शाळेत आम्ही हा प्रसंग एका वाक्यात उरकतो, कारण पुढे 14 जानेवारी 1761 वाट बघत असते आणि मुलांचंही लक्ष तिकडेच असतं.

हे मी गाडीत बसून बापूला सांगितलं. काच वर, एसी चालू, समोर लाल भिंत. बापू एरवी इतिहासाला जांभई देणारा माणूस. पण "चांदी उतरवून" म्हटल्यावर तो एकदम सावरून बसला.

"उतरवली म्हंजे? पत्रा हुता का भरीव?"

"पत्रा असावा. लाकडावर मढवलेला."

"मंग जोडाला डाग आसनार, म्हंजे झाळ. डाग म्हंजे टंच उतरला. रुपया केवढ्याचा?"

"तोळ्याला थोडा कमी. अकरा-साडेअकरा ग्रॅम."

त्याने मोबाइल काढला. "अकरानं धरू. नऊ लाख गुणिले अकरा... नव्व्यान्नव लाख ग्रॅम. नऊ हजार नऊशे किलो." मोबाइल मांडीवर ठेवून तो किल्ल्याकडे बघत राहिला. "दहा टन चांदी, मास्तर."

इतकी वर्षं मी 'नऊ लाख' म्हणत आलो. दहा टन असं कधी डोळ्यांपुढे आलंच नव्हतं.

"आमच्या बाजारात एवढी एका येळंला कुनी बघितली नसंल," बापू पुढे म्हणाला. "चांदी पानी व्हायला नऊशे साठ डिग्री लागत्यात. कोळशावर, भात्यानं. आनि ऑगस्टात म्हन्तोयस, म्हंजी पावसात. किती मुशी लावल्या आसतील? कारागीर कुनाचं हुतं? पुन्यासनं आनलेलं का हितलंच?"

मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने मला इतकं अडवलेलं नाही.

दहा वाजले आणि ऊन अंगावर आलं. कोकणातल्यासारखं घामाचं ऊन नव्हे हे. इथे घाम दिसतच नाही, यायच्या आत वाळतो. काच खाली केली की कुणीतरी तव्याची वाफ तोंडावर सोडल्यासारखं होतं. आम्ही नव्या दिल्लीकडे वळलो.

तिथे झाडं आहेत म्हणून जीव वाचतो. इंग्रजांनी राजधानी आखताना रस्ते आधी झाडांच्या नावावर केले असावेत असं वाटतं. एका रस्त्याला सगळा कडुलिंब, दुसऱ्याला सगळी जांभूळ, तिसऱ्याला अर्जुन. आणि मे महिन्यात मध्येच बहावा असा पेटलेला, की सिग्नल सुटला तरी बापू पुढे जाईना. इकडे त्याला अमलतास म्हणतात. बापूला दोन्ही नावं माहीत नव्हती. "पिवळं झाड" एवढंच.

रकाबगंज गुरुद्वाऱ्यापाशी एका शीख पोराने हात आडवा करून गाडी थांबवली. मला वाटलं पावती फाडतोय. त्याने खिडकीतून स्टीलचा पेला दिला, गुलाबी, बर्फाचं, दूध घातलेलं सरबत. याला छबील म्हणतात. गुरू अर्जनदेवांच्या शहीददिनाच्या सुमारास, ऐन ज्येष्ठाच्या उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला गोड पाणी पाजायचं. पैसे विचारले तर पोरगं रागावल्यासारखं बघायला लागलं. बापूने तीन पेले रिचवले. याच जागी लखी शाह वंजाऱ्याने गुरू तेगबहादूरांचं शिर नसलेलं शरीर लपवून आणलं आणि उघड अग्नी देता येईना म्हणून स्वतःच्या घरालाच आग लावली. ती गोष्ट मी बापूला सांगायला गेलो तर त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. दर वर्षी लंगरला येतात म्हणे घरचे सगळे.

आणि याच रकाबगंजाजवळ बाजीरावाची बादशाही फौजेशी चकमक झाली. 1737, रामनवमीच्या सुमाराची गोष्ट. बाजीराव मुघल सरदारांना चुकवून, मुक्कामावर मुक्काम टाकत एकदम दिल्लीच्या दारात येऊन उभा राहिला. दिल्लीत घबराट उडाली. त्याने शहर जाळलं मात्र नाही. नंतर चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात कारण दिलंय, की मर्यादा सोडली तर राजकारणाचा धागाच तुटतो. चकमक जिंकली, वजीर फौज घेऊन येतोय कळल्यावर तळ उचलला आणि आला तसा निघून गेला.

तो तळ होता तालकटोऱ्यापाशी. ताल म्हणजे तळं, कटोरा म्हणजे वाटी. आज तिथे बाग आहे आणि स्टेडियम आहे. 2025 च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन याच स्टेडियममध्ये झालं, ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. दिल्लीत त्याआधी संमेलन झालं होतं ते थेट 1954 मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असताना. बापू दुकान बंद करून तीन दिवस गेला होता. भाषणं ऐकायला नाही. "सांगलीची मानसं भेटली, मास्तर. पुस्तकं घेतली पोरींसाठी. आनि वडापाव."

बागेत शिरलो. दुपारी बारा वाजता दोन प्रेमी जोडपी, एक झोपलेला माळी आणि आम्ही. मी इकडे तिकडे बघत फिरलो. तळं आटलंच आहे कधीचं, घोडे पाणी प्यायले ती वाटी आता गवताने भरलीय. मी नेमकं काय शोधत होतो कोण जाणे. तळ उठला की मागे राहणार काय? चुलींची राख, तीही पावसापर्यंत.

बापू सावलीतून ओरडला, "सापडला का बाजीराव? सापडला आसंल तर चल, भूक लागलीया."

जेवलो महाराष्ट्र सदनात, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या. थाळी नेहमीसारखी, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त शेजारच्या टेबलावर मंत्रालयाच्या कामाला आलेले दोन पुढारी बोलत होते, तेवढा वेळ मला दिल्लीत आहोत याचा विसर पडला.

यानंतर कालकाजीला जायचं होतं. बाजीराव आला तेव्हा तिथे देवीची जत्रा भरली होती, आणि आत्ताच्या देवळाचा जुना भाग मराठ्यांनी बांधला असं म्हणतात. पण इंडिया गेटच्या जवळपास आल्यावर गाडीच्या एसीने एक उसासा टाकला आणि गरम हवा सोडायला सुरुवात केली. मोबाइलवर चव्वेचाळीस. बापूने एसीची बटणं दाबून बघितली, गाडीला गोड बोलून बघितलं, मग शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. काचा उघडल्या तर लू, मिटल्या तर भट्टी.

"भट्टीचा मला सराव हाय," बापू म्हणाला, "तुझं सांग."

माझं काय सांगायचं होतं? अकबर रोडच्या बाजूला एका जांभळाखाली गाडी लावली आणि तीन तास तिथेच काढले. कालकाजी राहिली. जांभळं अजून हिरवी होती. एक फेरीवाला फालसे घेऊन आला, पानाच्या द्रोणात, वर काळं मीठ. करवंदाएवढंही नसतं ते फळ, पण आंबट-गोड चव थेट करवंदाच्या जाळीत नेऊन सोडते. मग बंटा, म्हणजे आपला गोटी सोडा. लिंबू पिळून, बर्फात ठेवलेला. बापूने आसन मागे टाकलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. खिशातला कांदा वर डोकावत होता.

मी महादजींचा विचार करत बसलो. पानिपतात कायमचा लंगडा झालेला माणूस. दहा वर्षांनी, 1771 मध्ये, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली त्यात हाच पुढे होता, आणि पुढच्या जानेवारीत शाह आलम तख्तावर परत आला तोही मराठ्यांच्या पहाऱ्यात. नंतर पंधराएक वर्षं या किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल होता, 11 सप्टेंबर 1803 ला पटपडगंजजवळ इंग्रज सेनापती लेक याने त्यांची फौज मोडेपर्यंत. एवढं सगळं. आणि दिल्लीत बाजीराव, भाऊ, महादजी या तिघांपैकी कुणाचंही नाव सामान्य माणसाच्या तोंडी दिवसातून एकदाही येत नाही.

पाचला बापू उठला. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच फ्यूज असणार म्हणून सांगितलं आणि उद्या ये म्हणाला. उन्हं कलली होती. मी म्हटलं, "बापू, परतताना रिजवरून घे. कागदावर नसलेली एक जागा राहिलीय. हिंदूराव."

"हिंदूराव हास्पिटल? कशाला? बरं न्हाय वाटत?"

"बरा आहे रे. तो हिंदूराव कोण माहितीय?"

"कुनी लाला आसंल. थोरली तितंच झाली की आमची. जन्माच्या दाखल्यावर हिंदूराव हाय."

राणी झाशी रोडने वर चढलो. रिज म्हणजे अरवलीची शेपटी. दिल्लीच्या मानाने डोंगर, आमच्या मानाने टेकाड. बाभळी, माकडं आणि संध्याकाळी फिरायला आलेली माणसं. चढावर गाडीचा वेग मंदावला, तेव्हा मी सांगायला सुरुवात केली.

दौलतराव शिंद्यांची बायको बायजाबाई. तिचा बाप सर्जेराव घाटगे, ज्याने पुण्यात पैशासाठी असे हाल केले की त्याचं नाव पुणेकर अजून विसरलेले नाहीत. घाटगे कुठले, तर कागलचे. बायजाबाईचा भाऊ हिंदूराव. दौलतराव गेल्यावर काही वर्षांनी बायजाबाईला ग्वाल्हेर सोडावं लागलं, हिंदूरावाचंही तिथलं बस्तान उठलं आणि तो दिल्लीत येऊन राहिला. 1835 मध्ये विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला. त्याचा या टेकडीवरचा बंगला हिंदूरावाने घेतला. शिकार, मेजवान्या, इंग्रजांत ऊठबस. लढाई नाही, तह नाही. 1857 च्या आधीच तो वारला, पण बंगल्याचं नाव तेच राहिलं. त्या जून ते सप्टेंबर इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला तेव्हा त्यांची सगळ्यात पुढची, सगळ्यात जास्त मार खाल्लेली चौकी हिंदूरावाच्या घरात होती. पुढे त्या जागी रुग्णालय झालं.

बापूने गाडी बाजूला घेतली.

"कागलचा? तुझ्या कागलचा?"

"बसस्टँडपासून चालत जाशील एवढ्या वाड्यातल्या घराण्याचा. शाहू महाराज जन्मले त्याच घाटग्यांतला."

"आयला," बापू म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "आयला."

फाटकाशी गर्दी होती. रिक्षा, डबे घेतलेल्या बायका, स्ट्रेचर. बसचा कंडक्टर दारातून ओरडत होता, "हिन्दूराव, हिन्दूराव, हिन्दूराव!" बापू आत शिरायला लागला तसा गार्डने अडवलं.

"मरीज़ कहाँ है?"

बापूने माझ्याकडे बघितलं. "इनके गाँव का आदमी है," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"नाम?"

"हिंदूराव."

गार्डने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हाताने बाजूला व्हायची खूण केली. मागे एक खरी ॲम्ब्युलन्स उभी होती.

रुग्णालयाजवळ रस्त्याकडेला अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. मूळचा मेरठचा. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो इथे आपल्या शिकारखान्यापाशी आणून उभा केला, फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि 1867 मध्ये इंग्रजांनी ते सांधून पुन्हा उभे केले. सांधे स्पष्ट दिसतात. बापूने कठड्यातून मान वाकवून ते बराच वेळ बघितले. धंद्याची नजर.

"डाग चांगला दिलाय," तो म्हणाला.

घरी पोचल्यावर त्याने सगळ्यात आधी थोरलीला हाक मारली आणि कपाटातून जन्मदाखला काढायला लावला. ती आता बारावीत आहे. तिला वाटलं कुठल्या तरी फॉर्मला लागतोय.

मंगळवार

पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गार पाण्याने आंघोळ केली. पुतण्याचा फोन आला, खोलीत कूलर घ्यायचाय, तिघांत वाटून प्रत्येकी दोन हजार. पाठवले. वहिनींनी डबा दिला आणि पिशवीत पुन्हा कांदा. विमानतळावर तपासणीत तो बाहेर निघाला. तपासणाऱ्या बाईने उचलून बघितला, हसली आणि परत ठेवला. तीही इकडचीच असणार.

पुण्याच्या विमानाच्या रांगेत उभा होतो तेव्हा बापूचा फोन. मागे भट्टीचा आवाज.

"मास्तर, रातभर डोक्यात हुतं बघ. दहा टन आटवायची म्हंजी कारागीर कितीबी चांगला आसूदे, अर्धा टक्का तरी घट धरायला लागती. किती झालं?"

"पन्नास किलो."

"पन्नास किलो. ती कुनाच्या खिशात गेली तेवढं तुज्या बखरीत बघून सांग."